आईचे स्नोड्रॉप

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? नुसतं "बरा आहे" लिहू नका.

यॉर्कशरला थंडी पडली, पण मी मजेत आहे. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली होती. तुमच्या बागेतले आईच्या पांढऱ्या स्नोड्रॉप फुलांचे कंद उंदरांनी खाल्ल्यावर माझ्याकडचे तेवढेच उरले होते. मी ते ग्रीनहाऊसमध्ये ठेवून उन्हाळाभर लाडाने पाणी घातलं. शरदात फुलणाऱ्या या जातीला उन्हाळा कोरडा लागतो, हे विसरलेच. सगळे कंद कुजले.

काल शेजारच्या हिल्डाबाई कुंडी घेऊन दारात उभ्या. पान एकही नाही, नुसती सात पांढरी फुलं.

"तूच दोन कंद दिले होतेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाण्यापासून लांब राहिले, म्हणून जगले."

झाड राखायचं तर आधी ते वाटून द्यावं, असं आई म्हणायची ते हेच.

त्यांनी दिलेल्या कुंडीतले तीन कंद शेवाळात गुंडाळून फुलांसकट पाठवते आहे. दोन उन्हाच्या भिंतीशी लावा. तिसरा पलीकडच्या आर्थरकाकांना द्या. कुंपणाचं भांडण हवं तर चालू ठेवा, पण कंद त्यांच्या हातात द्या.

तुमची पाणी घालणारी लेक,
मेबल