विहिरीतली काळी पुरचुंडी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विहिरीत कोळसा सोडला आज! एवढ्या शिकलेल्या श्रेया मॅडम पुण्याहून गाडी करून पाणी तपासायला आल्या, आणि पिशवीतून काढलं काय, तर काळ्या जाळीत बांधलेला कोळसा. एक पुरचुंडी आमच्या विहिरीत, लाल दोऱ्याला. एक बांधापलीकडं थोरल्या जाऊबाईंच्या — नकोशी अक्कांच्या — विहिरीत, पांढऱ्या दोऱ्याला.

वरच्या अंगाला गिलिटाचा, धातूला मुलामा चढवायचा कारखाना बंद पडलाय, त्याच्या खड्ड्यात रसायन मुरलंय. ते जमिनीखालून कुणीकडं सरकतंय हे बघायचं. म्हणून मॅडमनी गेल्या महिन्यातच त्या खड्ड्यात हिरवा रंग ओतलाय. विहिरीत आला तरी डोळ्यांना दिसायचा नाही इतका विरळ. पण कोळसा धरून ठेवतो म्हणे. "रंग आला तर मावशी, हे पाणी प्यायचं नाही."

मी मान डोलावली. अर्धंच कळलं. घरात सून प्रतिक्षा, सातवा लागलाय, तिच्या पोटात हेच पाणी जातंय — तेवढं मात्र पुरतं कळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सारखी जाऊन वाकून बघते. नागेश ओरडला, "आई, आत पडशील! मग तुला हुडकायला आजून एक कोळसा सोडावा लागंल." मेला! पण गोड लागतंय की पाणी. वाईट कसं असेल?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अक्का तावातावानं आल्या. "सारजे, हिरीत काळं गाठुडं कुणी सोडलं गं? पोटुशी पोर घरात, अन् अवस तोंडावर!" सगळं समजावून सांगितलं. तर म्हणाल्या, "व्हय, मानसाला दिसत न्हाय अन् कोळशाला दिसतंय! लई शानी हायेस."

खरं सांगायचं तर, बोलता बोलता माझं सांगणं मलाच पोकळ वाटायला लागलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अवस. पुरचुंडी जागेवर नाही! दोरा तुटलेला नाही, गाठ सोडून दोऱ्यासकट नेलेली.

तशीच अक्कांकडं गेले. चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मान वर केली नाही. "म्याच काढली. माझ्या हिरीत सोडली, माझीच्या शेजारी. करणी असंल तर माझ्यावर यीऊ दे. माझ्या मागं रडायला कोन हाय? तुझ्या घरात बाळ यायचंय."

भांडायला गेले होते. भाकरी खाऊन आले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमना फोन केला. कधी काढली, कुठं सोडली, सगळं त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं! मग म्हणाल्या, "आता हात लावू नका मावशी. दोन्ही आहेत तिथंच राहू द्यात."

दोन पुरचुंड्या एका विहिरीत, आमची विहीर मोकळी. हे म्हणाले, "आता रंग आला तरी कुनाचा म्हनायचा?" डोकं नुसतं भणभणतंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

करणी-बिरणी मी मानत नाही. तरी आपल्या विहिरीचा हंडा रोज अक्कांच्या दारात ठेवते — त्यांच्या विहिरीचं पिऊ देत नाही. रंगाच्या भीतीनं, का गाठोड्याच्या? माझं मलाच नीट सांगता यायचं नाही.

विहीणबाईंचा सुप्याहून फोन. पोरीला आत्ताच पाठवा म्हणतात. तिथं तर टँकरचं पाणी! प्रतिक्षा म्हणते, "आत्या, तुमी सांगाल तसं." सगळे माझ्याच तोंडाकडं बघतात. म्हटलं, थांब जरा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम दोन्ही पुरचुंड्या घेऊन गेल्या. अक्कांनी मॅडमवरून मीठ-मोहरी उतरून टाकली! मॅडम गुमान उभ्या राहिल्या. गुणाची पोर.

५ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमचा फोन. पांढऱ्या दोऱ्याची कोरी. लाल दोऱ्याच्या, म्हणजे आमच्या पुरचुंडीत रंग.

कळेचना. दोन्ही एकाच विहिरीत होत्या ना? त्यांनी सावकाश सांगितलं — अक्कांचं पाणी वाईट असतं तर त्यांच्याही पुरचुंडीनं रंग धरला असता. आमचीनं धरला तो आधीच, आमच्या विहिरीत असताना.

म्हणजे आमचंच. आणि मी तेच भरभरून अक्कांना पाजत होते.

कळशी घेऊन त्यांच्या विहिरीवर गेले. अक्का तिथंच होत्या, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला आणि प्रतिक्षासाठी पाणी शेंदायला लागल्या.