देवाची उजवी बाजू

३ जून, सकाळी ६
पक्ष सोडायचा नाही. निवडणुकीआधी ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली आहे. सत्ताधाऱ्यांकडून मंत्रिपदाचा निरोप आला म्हणून विरघळणारा आमदार मी नव्हे. फक्त विचार करतो आहे.

४ जून
आमच्या पक्षाचे आमदार तीन. दोघे मिळून गेलो तर पक्षांतराच्या कायद्यात बसते. एकटा गेला तर आमदारकी जाते. दुसरा डिचोलीचा गोकुळदास. म्हणाला, तू फुडें हो सगुण, मी मागसून आयलोंच. निष्ठेच्या बाबतीत आमचे एकमत. तरी शपथ देवाची, तेव्हा देवालाच विचारायचे ठरवले.

६ जून
बाबाजी गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. डावी पडली. बाबाजी म्हणाला, भाई, देव नाका म्हणता.
पण डावी ती देवाची. मी समोर उभा. माझ्या ती उजव्या हाताला. प्रश्न माझा, मग बाजूही माझीच धरायला हवी. पन्नाशीला आलो, हा बारकावा आज कळला.
घरी प्रभावती म्हणाली, देवाक दिशा शिकवतात काय तुम्ही? बायकोला शास्त्र कळत नाही.

७ जून
पणजीत प्रवेश. शाल, हार, फोटो. देवाच्या आज्ञेने आलो, असे भाषणात सांगितले. टाळ्या. शपथविधी लगेच झाला तर असावे म्हणून उकाड्यातही जॅकेट काढले नाही. गोकुळदास वाटेत असावा.

८ जून
गोकुळदासचा फोन. त्यानेही त्याच्या गावात देवाला पाकळ्यांचा प्रसाद लावला. डावी पडली. आणि त्या अडाण्याने मानली! वर मलाच सांगतो, देवाच्या फुडें धांवूं नये रे.
नवे पक्षाध्यक्ष म्हणाले, मंत्रिपद दोघे येणार म्हणून होते. एकट्याचे आम्ही काय करू? अगदी हसतमुखाने विचारले. माणूस सुसंस्कृत आहे.

१९ ऑगस्ट
सभापतींचा निकाल आला: अपात्र. चिंता नाही, जनता माझ्याबरोबर आहे. सकाळीच माझ्या मतदारसंघातल्या केरीहून शांता कसल्याशा दाखल्यावर सही मागायला आली. माझी सही आता चालत नाही, हे तिला शांतपणे समजावले. तिने कागदाची घडी करून पिशवीत घातली. चहा नको म्हणाली. दारातून वळून विचारले, मगे गोकुळदासभाईंची चलता न्हय? डिचोलीची बस कितल्यांक?