कुठे म्हणशील तर जमिनीत

पेनीवेट क्रीक, व्हिक्टोरिया
मंगळवार, १९ ऑगस्ट

तीर्थरूप हीदरताईच्या चरणी धाकट्या नेव्हिलचा दंडवत. (दंडवत खरोखर घालायचा विचार होता, पण गेले तीन महिने जमीन उकरून कंबरेची अशी गत झाली आहे की एकदा खाली गेलो की वर यायला ग्लेनिसला हाक मारावी लागते. तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? होबार्टला यंदा थंडी फार पडली म्हणे, तेव्हा मफलर घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. मांजर बरं आहे ना? तू म्हणशील, याला माझ्या मांजराचा पुळका कधीपासून आला? म्हण बापडी. नाताळात मी फोन केला तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणून ठेवून दिलास. ते "बरं" आठ महिने माझ्या कानात बसलंय. पण आज मन मोठं कर आणि पत्र शेवटपर्यंत वाच. ताजा कलमही वाच. ताजा कलम तर वाचच.

बातमी अशी की ताई, सोनं सापडलं! मला! ज्याला कपाळावरचा चष्मा सापडत नाही त्या तुझ्या भावाला! चांगला पावट्याच्या दाण्याएवढा खडा आहे, पिवळाधमक, एका बाजूला चपटा आणि दुसऱ्या बाजूला गारगोटीचा पांढरा कण चिकटलेला. ग्लेनिसने तो घासून स्वच्छ केला. (दात घासायच्या ब्रशने. माझ्या. आणि जुन्या नव्हे.) आता तो एका डब्यात घालून, चिकटपट्टी लावून फडताळावर ठेवलाय. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत उघडायचा नाही असं मी ठरवलंय, फक्त तासातासाला हलवून बघतो. खुळूक असा आवाज आला की जिवाला बरं वाटतं.

आता पहिल्यापासून सांगतो. शाळेची बस चालवणं सुटल्यावर मी दिवसभर घरात, आणि ग्लेनिसच्या मते दिवसभर तिच्या पायात. तिनेच कुणाकडून तरी धातू शोधायचा वापरलेला डिटेक्टर आणून माझ्या हातात ठेवला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तोंड दाखवू नकोस म्हणाली. इथवर सगळं ठीक होतं. पण आपला चुलतभाऊ बेव्हन! तीस वर्षं सोनं शोधतोय आणि एकतीस वर्षं त्याबद्दल बोलतोय. मे महिन्यात सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबच्या रविवारच्या चहाला सगळ्यांदेखत म्हणतो, "नेव्ह, काकांची कुदळ तुझ्या शेडमध्ये गंजत पडलीय. माझ्याकडे दे. तिला सोन्याची सवय आहे, बिचारीला तुझ्याकडे करमत नसेल." सगळे हसले. माझं डोकं सणकलं. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी या टेबलावर माझं सोनं नसलं तर कुदळ तुझी! बोलून गेलो खरा. तोवर चिटणीस मिसेस पॅस्को यांनी ते रजिस्टरात लिहूनही टाकलं. ग्लेनिस केक कापत होती, तिने माझा तुकडा बेव्हनच्या ताटलीत वाढला. यावरून काय ते समज.

ताई, ती कुदळ म्हणजे बाबांची आपल्याकडे उरलेली एकुलती एक वस्तू. दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा अजून तसाच आहे, त्यात माझा अंगठा ठेवला की खळगाच मोठा पडतो. ती बेव्हनच्या शेडमध्ये, त्याच्या बक्षिसांच्या रांगेत टांगलेली दिसायला लागली आणि मला जेवण जाईना.

पहिल्या दिवशी मी सरकारी जंगलात गेलो. परवाना खिशात, कुदळ खांद्यावर, कानांवर हेडफोन. यंत्राची तबकडी जमिनीवरून फिरवली आणि काय सांगू, उजवीकडे नेली की किंचाळतंय, डावीकडे नेली की किंचाळतंय! मी म्हटलं, नेव्हिल, तू सोन्याच्या लगडीवर उभा आहेस. उजवीकडे खणलं, काही नाही. डावीकडे खणलं, काही नाही. एक पाऊल सरकलो तर सोनंही माझ्याबरोबर सरकलं. असे सहा खड्डे झाले. तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. बेव्हन झाडाला टेकून, थर्मासमधला चहा पीत, हा सोहळा बघत बसला होता. म्हणाला, "चालू दे, चालू दे. फक्त बूट काढून बघ एकदा." माझे बसच्या गॅरेजमधले बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले! मी अर्धा दिवस स्वतःची पावलं शोधत होतो. दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव आणायला गेलो तर काउंटरवरची बाई माझ्या पायांकडे बघून विचारते, काय नेव्ह, आज घरीच ठेवलं का सोनं? मी पाव न घेताच परत आलो आणि त्यावरून घरी वेगळं ऐकलं.

मग मी रबरी बूट घातले. पट्ट्याचं बक्कल काढून सुतळी बांधली (ती एकदा ऐन वेळी सुटली, ते जाऊ दे). त्यानंतर जे सापडलं ते असं: खिळे, घोड्याच्या नालेचे खिळे, त्या खिळ्यांचे तुकडे, बिअरच्या डब्यांच्या कड्या, सशांवर झाडलेले छर्रे, आणि एक काटा, जेवायचा, दोनच दाते उरलेला. शिवाय इथले गरम दगड. नाव गरम, हाताला थंडगार, पण पोटात लोखंड असल्याने यंत्रापुढे हुबेहूब सोन्यासारखे गातात. असला एक दगड मी दीड तास खणून काढला आणि संध्याकाळभर शेगडीसमोर उन्हाळ्यातल्या आंब्यासारखा मांडीवर घेऊन बसलो. ग्लेनिसने तो दाराला अडसर म्हणून लावला. उपयोगी आहे. दार आता आपटत नाही.

जुलैत मी हरलो होतो, खोटं कशाला सांगू. कुदळीला तेल लावून, पुसून, बेव्हनकडे द्यायची म्हणून दाराशी उभीही केली होती. ग्लेनिस इस्त्री करत होती. म्हणाली, अंगणात फिरव बघू तुझं ते यंत्र, मी बघते. मी फिरवलं. म्हणाली, "अरे, हे सोनं शोधतोयस की गवत कापतोयस? ये इकडे." आणि सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात तिने इस्त्री दिली! खाली टेकव, पण दाबू नकोस. हळू. मागच्या रेघेवर अर्धी चढव. कॉलरपाशी घाई नको. मी चौदा शर्ट आणि टेबलावरची चादर इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी तसंच यंत्र फिरवलं तर दुपारपर्यंत कानाला खिळा कुठला आणि छर्रा कुठला ते कळायला लागलं. लोखंड ओरडतं, कड्या किरकिरतात. तीस वर्षांत बेव्हनने हे कुणाला सांगितलं नाही. त्याला स्वतःला इस्त्री येत नाही, हा भाग वेगळा.

आणि तेरवा, शनिवारी सकाळी, वॉटलची झाडं पिवळीजर्द फुललेली, हवा कोरडी, साप अजून झोपलेले, मी एका जागी हळूहळू इस्त्री करत चाललो होतो आणि हेडफोनमध्ये कुणीतरी हुंकार दिल्यासारखा आवाज आला. ओरडणं नाही, किंचाळणं नाही, बाबा पेपर वाचताना "हं" म्हणायचे ना, तस्सा. मी थांबलो. पुन्हा तबकडी फिरवली. हं. बूट बघितले, रबरी होते. बाबांच्या कुदळीने वीतभर खणलं, माती हातात घेऊन तबकडीवरून नेली, हं. अर्धी टाकली. हं. आणखी अर्धी टाकली. शेवटी तळव्यावर चिमूटभर माती आणि त्यात तो बसलेला! ताई, मी टोपी काढून नाचलो. कंबरेसकट नाचलो. लहान पोरासारखा रडलोही थोडा, ग्लेनिस सांगेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो.

कुठे सापडला म्हणशील तर जमिनीत. रागावू नकोस, इथली रीतच आहे ती, तुला माहीतच आहे. कुणी कितीही विचारो, बायको विचारो की पाद्री विचारो, जागा सांगायची नाही, "जमिनीत" म्हणायचं आणि चहात साखर घालायची. बाबा तर यात सगळ्यांच्या वरचे होते. आठवतं? तू नऊ वर्षांची होतीस, मी सहाचा. जेवणाच्या टेबलावर तू म्हणालीस की बाबांना वीज पडलेल्या झाडाखाली बसून माती उकरताना आणि तंबाखूच्या डबीत पिवळं काहीतरी टाकताना तू बघितलंस. बाबा मटणाचा घास गिळून शांतपणे म्हणाले, पोरगी स्वप्नं बघते. झालं! तेव्हापासून मी तुला थापाडी म्हणायला लागलो, मग शाळा म्हणायला लागली, मग गाव. गमतीतच हं. आणि पुढे बाबा गेल्यावर वाटणी झाली. तळं, शेड आणि कुरण मी घेतलं, तुला कुंपणापलीकडचे दगडधोंडे, जिथे बकरी सोडली तर तीही चिठ्ठी लिहून निघून जाईल. तू म्हणालीस, मला तेच हवं होतं. मी वर्षभर गावात हसत सांगत फिरलो की होबार्टच्या समुद्राची हवा ताईच्या डोक्याला बाधली. असो. जुन्या गोष्टी.

तर येत्या ३१ तारखेला, रविवारी, क्लबच्या टेबलावर हिरवा कपडा अंथरलेला असेल आणि त्यावर माझा खडा. कुदळ आपल्याच घरी राहणार! बेव्हनला अजून पत्ता नाही. काल तो कुंपणाशी येऊन विचारून गेला की कुदळीला त्याच्याकडे खुंटी कुठल्या उंचीवर ठोकू. मी म्हटलं, ठोक बाबा, मजबूत ठोक. या आनंदात तू भागीदार असावीस एवढ्याचसाठी हे पत्र, दुसरा काहीही हेतू नाही.

तुझा विजयी भाऊ,
नेव्हिल

ता. क. – गुडघ्याला मोहरीचं तेल नको, निलगिरीचं लाव.

ता. क. २ – एक बारीकशी गोष्ट राहिली. मिसेस पॅस्को नियमाला पक्क्या आहेत. सरकारी जमिनीवर परवाना पुरतो, पण खासगी जमिनीत सोनं सापडलं असेल तर जमीनमालकाची सही लागते, नाहीतर खडा खिशात घालून घरी जा म्हणतात. आता झालं असं की एका कांगारूने आपलं मधलं कुंपण पाडलं, आणि कानांवर हेडफोन असल्यामुळे माझं लक्ष नव्हतं, आणि मी किंचित तुझ्या बाजूला गेलो. किंचित म्हणजे चारशे पावलं. सोबत कागद जोडला आहे. सही खाली करायची, आणि तारीख गेल्या शुक्रवारची, म्हणजे सापडायच्या आदल्या दिवसाची घालायची.

ता. क. ३ – ताई, वरचं फाडून टाकणार होतो, पण कागद दोन्ही बाजूंनी भरलाय. खरं सांगतो. वीज पडलेलं ते झाड तुझ्या बाजूला अजून उभं आहे. त्याच्या मुळाशी आधी यंत्र जोरात ओरडलं. खणलं तर तंबाखूची डबी निघाली, गंजून चाळण झालेली, पण झाकणावर बाबांनी खिळ्याने कोरलेली अक्षरं वाचता येतात. आत काही नव्हतं. मी तिथेच खाली बसलो. त्या वर्षी आईला अचानक शिवणयंत्र कुठून मिळालं, हे आपल्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. उठून निघालो तेव्हा दोन पावलांवर तो हुंकार आला. खडा आता त्याच डबीत आहे, म्हणून पट्टी लावावी लागली. तू थाप मारली नव्हतीस, ताई. बाबांनी रीत पाळली आणि त्याची किंमत तू भरलीस, आणि मी साठ वर्षं हसलो. मला क्षमा कर. खडा तुझा. तारीख जी खरी असेल ती घाल, किंवा सही नको करूस, कुदळ गेली तर गेली. पण रविवारी तू ये. सगळ्या गावासमोर तुझं नाव घेऊन सांगायचंय मला, कुठे सापडला ते. रीत गेली खड्ड्यात.

ता. क. ४ – हीदरताई, मी ग्लेनिस. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून वाचलं. कुंपण कुणा कांगारूने पाडलेलं नाही. तार मी वर धरली होती आणि हे खालून रांगत गेले. मीच म्हटलं, साठ वर्षांत एकदा तरी तिचं ऐकून बघ. आता ऐका. पत्राबरोबर लोकरीच्या मोज्यांचं पार्सल येईल. डाव्या मोज्यात अंगठ्यापाशी टोचेल, ते काढून नीट ठेवा आणि येताना घेऊन या. यांना अजून माहीत नाही. तासातासाला डबी हलवतात, खुळूक वाजतं, खूश होतात. आत वाळलेला पावटा आहे. तुम्ही आला नाहीत तर रविवारी टेबलावर तोच जाईल.