शिवणीला हात लावणार नाही

६ जानेवारी, मंगळवार
झोप नाही, छातीत धडधड. नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही, म्हणून बोलायच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. या मॅडम गोळी देत नाहीत. नुसतं बोलतात, आणि तेही पुढचं. मागचं उकरत बसायचं नाही म्हणाल्या. हे मला एकदम पटलं.
मागचं म्हणजे काय, तर लेकीने आयुष्यातला पहिला कुडता शिवला, माझ्या शिलाईच्या दुकानात दाखवायला आणला, आणि मी गिऱ्हाइकांसमोर तो उभा उसवला. शिवण वाकडी होती. वाकडीला सरळ कसं म्हणू? तेव्हापासून ती आली नाही. पण ते मागचं झालं. मी सुटले.
रोज लिहा म्हणाल्या. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरला तो बिलापुरता.

७ जानेवारी
झोप नाही. सुटले असून.

१३ जानेवारी, मंगळवार
मॅडमनी विचारलं, समजा उद्या सकाळी उठलात आणि सगळं छान झालेलं आहे, तर काय दिसेल? मी पटकन सांगितलं. लेक दुकानाच्या पायरीवर चप्पल काढते, आत येते, म्हणते आई, माझं चुकलं. मॅडम म्हणाल्या, आणि तुम्ही काय करताय? म्हटलं, मी माफ करते.
मॅडम बराच वेळ पेनाला टोपण लावत बसल्या. इतकं पटकन उत्तर त्यांना कोणी दिलं नसणार.
आता एक छोटं पाऊल उचलायचं. फोन.

१५ जानेवारी, गुरुवार
फोन केला. जावयाने उचलला. ती घरी नाही म्हणाला. मागे मशीन चालल्याचा आवाज. म्हटलं, बरं, जी घरी नाही तिला सांगा, मशीन कोरडं चाललंय, तेल घाला. ठेवला.
पाऊल उचललं. आमचे हे म्हणाले, एवढंच बोललीस? यांना माझं काही म्हणून पुरत नाही.

२० जानेवारी, मंगळवार
मॅडमनी विचारलं, तेल घाला म्हणजे मला तुझी आठवण येते, हे तिला कळेल का? म्हटलं, शिवणाऱ्या बाईला कळतं.  मॅडमना शिवण येत नाही, दिसतंच. साडीला फॉल उलटा.
सांगितलं नाही. म्हणजे निघताना सांगितलं.

२३ जानेवारी
तेलाची बाटली काजेवालीबरोबर पाठवली. ती माझ्याकडे काजं-बटणं करते, लेकीच्याच गल्लीत राहते. आज येऊन सांगत होती की लेकीने बाटली घेतली, आई कशी आहे विचारलं. या शहाणीने सांगून टाकलं की त्या बोलायच्या डॉक्टरकडे जातात. लेक हसत सुटली म्हणे. म्हणाली, बोलायची कशाला, तिला गप्प बसायची डॉक्टर पाहिजे.
पण विचारलं तर खरं. मी बाटलीबरोबर एक शब्द पाठवला नव्हता. काजेवालीला दुसरा चहा पाजला. थंडी होती म्हणून.

२७ जानेवारी, मंगळवार
लेक आली तर तोंड काय करेल ते सोडा, हात काय करतील, असं मॅडमनी विचारलं. बाई हुशार आहे. ठरवलं, हात मागे. शिवणीला लावायचे नाहीत. मेले तरी नाहीत.

२८ जानेवारी
दुकानात सराव. हात मागे घेऊन उभी. गिऱ्हाईक म्हणालं, माप घेताय की नुसतं बघताय?

१ फेब्रुवारी, रविवार
आली.
दुकान बंद करत होते. पायरीवर चप्पल काढली, अगदी मॅडमना सांगितलेल्या चित्रातल्यासारखी. अंगात स्वतः शिवलेला कुडता. माझं चुकलं वगैरे म्हणाली नाही. बारीक झालीस म्हणाली. मी एक अक्षर बोलले नाही. शिवणीकडे बघितलंसुद्धा नाही. हात मागे. मग तिनेच मिठी मारली. मिठीत हात मागे कसे ठेवायचे, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.
बगलेखाली दोऱ्याचं टोक लागलं. बोटांनी ओढलं. मी नाही, बोटांनी. वीतभर शिवण उघडली.
ती मागे सरली, कुडत्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघितलं.
"मॅडमना सांग, प्रगती आहे. या वेळी लोकांसमोर नाही उसवलंस."
दे, आत्ता शिवून देते म्हटलं. नको म्हणाली. माझी शाल पांघरून गेली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमना सांगितलं, लेक आली. मिठी मारली. शाल नेली, म्हणजे परत करायला येणारच. हेच तीनदा तीन तऱ्हेने सांगितलं. मॅडम खूश. पुढचं चित्र काय, म्हणाल्या.
मला पुढचं काही दिसेना. तीच वीतभर शिवण दिसायला लागली. ती वाकडी नव्हती. रेघेसारखी सरळ होती. फक्त शेवट मोकळा होता. शेवटाला मशीन मागे-पुढे करून दोरा बांधून टाकायचा असतो, नाहीतर सगळं सुटत येतं. हे तिला शिकवायचं राहिलं होतं. पहिला कुडता घेऊन आली की शिकवणार होते.
म्हटलं, मॅडम, आज जरा मागचं बोलू का?
त्यांनी घड्याळ बघितलं. वेळ संपली होती. बाहेर पुढची बाई येऊन बसली होती.