मुशीवर धरलेला हळदीचा कागद

पाचूबंदर, वसई

प्रिय क्लारा,

पुण्याच्या इस्पितळात तुला पाठ टेकायला फुरसत नसेल, तरी हे पत्र बसून वाच. फोनवर मला रडूच फुटतं, म्हणून लिहितेय.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि आत स्नेहसंमेलनाची तोरणं. मग मी मुलांच्या घरातच प्रयोगशाळा शोधली. कागदाला हळद फासून वाळवली. साबणाचं पाणी लागलं की तो लाल होतो, आणि ओला करून शिळ्या मासळीवर धरला तर नुसत्या वासानंही. तुझी भाची डायना तर वेडीच झाली. साबण, चुना, चुलीतली राख, काही म्हणून सोडलं नाही. अजून काय लाल होतं, टीचर, हा एकच धोशा. इतक्या वर्षांत असं पोर मला मिळालं नव्हतं गं.

आणि तिथेच माशी शिंकली. रविवारी चर्चमध्ये मिसा सुटल्यावर बाजार भरला होता. डायना आईशेजारी, ज्युलिएटच्या मासळीच्या पाटीशी बसून गिऱ्हाइकांना कौतुकानं प्रयोग दाखवायला लागली. पापलेटवर कागद पिवळाच राहिला. मग तिनं तो मुशीवर धरला. मुशी शार्कच्या जातीची, ताजी असली तरी तिला तो उग्र वास असतोच, हे कोळ्याच्या पोरीला का ठाऊक नाही? पण प्रयोगाच्या भरात विसरली, आणि मीही वर्गात कधी बोलले नव्हते. कागद लालभडक! विरारहून आलेल्या बायका नाक मुरडून उठल्या, आणि बघता बघता बाजारभर झालं, ज्युलिएट सडकं विकते.

मी समजवायला गेले तर तुझी बहीण दारातूनच म्हणाली, "पोरीला शानी केलीत आनि माज्याच पोटावर पाय दिलात. आता शाळा नाय." मुख्याध्यापकांनी कानांवर हात ठेवले. फादरही हात हलवत परत आले. मी हरले, क्लारा. हळदीचा डबा मी फळीवर पार मागे सारून ठेवलाय.

आईला माती दिली तेव्हापासून तुम्ही बहिणी बोलत नाही, हे का मला माहीत नाही? पण बाप्तिस्म्याला डायनाला हातावर तू घेतलंस. तू तिची धर्ममाता. ज्युलिएट कितीही चिडलेली असो, आपल्यात धर्ममातेला दारातून कुणी परत पाठवत नाही. तो अबोला गिळ आणि ये. उशीर करू नकोस. काल बाजारात गेले तर डायना पाटीमागे एकटीच बसली होती. मला वाटलं, बघून रडेल, बिलगेल. तिनं कोयता उचलला आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ, टीचर?"

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आग्नेस