तोंडात साखर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. हल्ली कपाळाआधी पोटच टेकतं!

मागे फोनवर मी म्हणालो, "या महिन्यात रजा मिळेल, घरी येतो." तू लगेच म्हणालीस, "तुझ्या तोंडात साखर पडो." आई, रजा काही मिळाली नाही. साखर मात्र ऑफिसच्या तपासणीत रक्तात निघाली. घाबरू नकोस, अजून काठावरच आहे. दिवसभर खुर्चीला चिकटून बसतो, त्याचं हे फळ. आता लिफ्ट सोडून जिना चढतो, बिनसाखरेचा चहा पितो. बेचव लागतो, साखर नाही म्हणून, की समोर तू नाहीस म्हणून, कोण जाणे.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

पुढच्या वेळी साखर राहू दे. नुसतं "ये" म्हण.

तुझा,
एके काळचा काडीपैलवान