सासूबाई हयात असल्याबाबत आणि पित्ताशय काढण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
शस्त्रक्रिया विभाग, पहिला मजला.

विषय: अर्जदाराच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेस चौथ्यांदा तारीख मिळणे, अर्जदाराच्या सासूबाई हयात असल्याची नोंद घेणे, तसेच यापुढे अर्जदाराचा कोणताही अर्ज न स्वीकारणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज (कारण: रंगकाम).
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज (कारण: गर्दीचा हंगाम).
३) अर्जदाराचा तिसरा अर्ज (कारण: सासूबाई).
४) सासूबाईंचा तोंडी हुकूम, काल सकाळी, स्वयंपाकघरातून.

महोदय,

१. अर्जदार हा नोंदणी कचेरीच्या जिन्याखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम गेली बावीस वर्षे करीत आहे. त्याच्या हातचा अर्ज सहसा नामंजूर होत नाही, असा त्याचा लौकिक आहे. हे बढाई म्हणून लिहिलेले नाही. पुढील सगळा घोळ या लौकिकामुळेच झाला आहे.

२. मागील वर्षी शेजाऱ्यांच्या गच्चीवर बटाट्याचे तळलेले काप दोन बशा खाल्ल्यावर अर्जदाराच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीतून थेट खांद्यापर्यंत गेली. अर्जदाराने ती वाताची समजून अंगणात चाळीस फेऱ्या मारल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात तीन खडे निघाले, पैकी थोरला चौदा मिलिमीटरचा. आपल्या शल्यचिकित्सक बाईंनी समजावून सांगितले, की पोटाला चार लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून पिशवी काढतात, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि पित्त यकृत तयार करते, त्यामुळे पिशवीवाचून माणसाचे अडत नाही. अर्जदाराने मान डोलावली, संमतीपत्र घरी नेले, त्यातील बोजड वाक्ये लाल शाईने सुधारली आणि सही न करता परत आणून दिले. मधल्या काळात कोणी सांगितले म्हणून आठ दिवस लिंबाचा रस व तेल घेतले. त्याने खडे जागचे हलले नाहीत, अर्जदारालाच मात्र दर अर्ध्या तासाला जागचे हलावे लागले.

३. पहिली तारीख आली तेव्हा घराचे रंगकाम चालू असल्याचे अर्जदाराने कळवले. ते खरे होते, कारण रंगारी आदल्याच दिवशी अर्जदाराने स्वतः बोलावला होता. तारीख पुढे गेल्याबरोबर रंगकामाची गरज संपली, त्यामुळे बैठकीच्या खोलीच्या दोन भिंती पिवळ्या व दोन जुन्याच आहेत. दुसऱ्या तारखेला शाळाप्रवेशाचा हंगाम होता व लोकांचे अर्ज अडले असते. दोन्ही अर्ज मंजूर झाले. घरी मात्र "डॉक्टरीणबाई रजेवर आहेत" असे सांगून अर्जदाराने वेळ मारून नेली.

४. दुसऱ्या अर्जावर आपल्या कार्यालयाने शेरा मारला, की घरातील निकटच्या व्यक्तीच्या निधनाखेरीज यापुढे तारीख बदलून मिळणार नाही. हा शेरा वाचून शहाणा माणूस पिशवी भरून दाखल झाला असता. अर्जदार टेबलाशी बसून घरातील माणसे मोजू लागला. आईवडील पूर्वीच गेलेले. पत्नी व मुलगी यांच्या केसालाही धक्का लावण्याचा प्रश्न नव्हता. उरल्या सासूबाई, वय एकाहत्तर, धाकट्या मुलाकडे राहणाऱ्या, प्रकृतीने ठणठणीत. अर्जदाराने मन घट्ट केले व कागद ओढला.

५. त्या तिसऱ्या अर्जात आजाराबद्दल दोन ओळी आणि सासूबाईंबद्दल दीड पान होते. कामापुरत्या पाच ओळी पुरल्या असत्या. परंतु लिहायला बसल्यावर आठवत गेले, की लग्नानंतर वर्षाच्या आतच कचेरीने अर्जदाराचे मोडके टेबल उचलून रस्त्यावर टाकले, तेव्हा सासूबाईंनी आपल्या शिलाईमशीनखालचे टेबल न बोलता काढून दिले. मशीन त्या तेव्हापासून जमिनीवर ठेवून, मांडी घालून चालवतात. ते टेबल आजही जिन्याखाली आहे. अर्ज लिहून होईपर्यंत अर्जदाराचे डोळे भरून आले होते. अर्ज अर्थातच मंजूर झाला.

६. यानंतर दोन महिन्यांनी पत्नीने सांगितले, की आईला गेले कित्येक दिवस पोटात दुखते, ती कोणाला बोलली नाही, सोनोग्राफीत खडे निघाले आहेत व तिला आपल्याच रुग्णालयात दाखल करायचे आहे. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना तिथल्या तिथे सांगून टाकले होते, "काढून टाका. एवढी वर्षं मी सांभाळली, आता तुम्ही सांभाळा." अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले. रुग्णालय बदलण्याबद्दल त्याने सात कारणे सांगितली. एकही चालले नाही, कारण ती तोंडी होती.

७. दाखल होण्याच्या दिवशी खिडकीवर आपल्या लेखनिक बाई होत्या. नातेवाइकाच्या रकान्यात अर्जदाराचे नाव दिसताच त्यांनी त्याच्या पत्नीचा हात हातात घेतला व म्हणाल्या, "तुमच्या आईचं वाचून फार वाईट वाटलं हो. मी तो अर्ज घरी नेऊन आमच्या ह्यांनाही वाचून दाखवला." सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चौकशी केली, "कशानं गेली बिचारी?" बाईंनी सांगितले, "दीर्घ आजारानं. पण शांतपणे गेल्या." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "शांतपणे? मग ती मी नव्हे." अर्जदार या वेळी पाठीमागे उशी व थर्मास घेऊन उभा होता, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटत होते. यात लेखनिक बाईंचा काडीचाही दोष नाही, हे आपण कृपया ध्यानात घ्यावे.

८. सासूबाईंनी तो अर्ज मागून घेतला व बाकावर बसून चष्मा लावून वाचला. पत्नी अर्जदाराकडे ज्या नजरेने पाहत होती, तिचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही. दीड पान वाचायला सासूबाईंना बराच वेळ लागला. मग त्यांनी कागदाची घडी घालून तो पदराला बांधला आणि विचारले, "जावईबापू, एवढं चांगलं लिहिता येतं माझ्याबद्दल, तर जिवंतपणी एकदा बोलायला काय झालं होतं?" बावीस वर्षे दुसऱ्यांची गाऱ्हाणी शब्दांत मांडणाऱ्या अर्जदाराने हातातली उशी त्यांच्या पाठीशी लावून दिली.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाताना त्यांनी आपली कवळी व चष्मा अर्जदाराच्या हातात दिला, स्वतःच्या मुलीच्या नाही. दार बंद झाले. अर्जदार कवळी रुमालात गुंडाळून बाकावर बसला आणि तेव्हा त्याच्या मनात आले, की आपला अर्ज आजवर नामंजूर झालेला नाही. महोदय, त्या सव्वा तासात अर्जदार जेवढा घाबरला, तेवढा आयुष्यात कधी घाबरला नव्हता. आपणच लिहिले, आपणच सही केली, आणि तो कागद तर आत त्यांच्या सामानात आहे. पत्नी शेजारी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "तुमच्या वेळी मी अशी बसणार होते. तीनदा मनाची तयारी केली मी."

१०. सासूबाई सुखरूप बाहेर आल्या. शुद्धीवर येताच त्यांनी प्रथम कवळी मागितली, ती बसवली, व मग चहा केव्हा मिळेल ते विचारले. दुसऱ्या दिवशी त्या अर्जदाराच्या घरी आल्या व चार दिवसांत जिना चढू-उतरू लागल्या. त्यांचे पाच खडे औषधाच्या बाटलीत घालून बैठकीत, पिवळ्या भिंतीजवळच्या फळीवर ठेवले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटली वाजवून दाखवतात व सांगतात, "आमच्या जावयाचे अजून आतच आहेत."

११. मागील आठवड्यात पत्नीला अर्जदाराचे डोळे पिवळसर वाटले. तो भिंतीचा रंग पडला असावा, असे अर्जदाराचे म्हणणे होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले व या खेपेस भिंतीचाच निघाला, असे सांगितले. परंतु त्यांनी हेही बजावले, की खडा पिशवीतून सरकून नळीत अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंडही सुजू शकेल, मग तारीख मागायलाही सवड राहणार नाही.

१२. आता खरे कारण नमूद करणे भाग आहे. अर्जदाराला छिद्रांची भीती नाही. त्याने आजवर एकाही कागदावर न वाचता सही केलेली नाही, आणि भूल दिल्यावर आपल्या बाबतीत काय चालले आहे, हे वाचता येत नाही. म्हणजे भीती वाटते. ती प्रत्येक अर्जात लपवली. ते काल सासूबाईंना स्वयंपाकघरात सांगितले. त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "मलाही वाटली होती. म्हणून तर कवळी तुमच्याकडे दिली. तुम्ही घाबरट, ती सोडून कुठं जाणार नाही, याची खात्री होती. जा, लिहा अर्ज. तुमचा चष्मा मी धरून बसते."

सबब विनंती, की –

(अ) अर्जदारास शस्त्रक्रियेची लवकरात लवकरची तारीख मिळावी. संमतीपत्रावर सही केली आहे. वाक्ये आहेत तशीच ठेवली आहेत.

(आ) तिसऱ्या अर्जातील निधन रद्द समजावे. बाकी दीड पान कायम ठेवावे, ते खरे आहे.

(इ) यापुढे अर्जदाराने तारीख बदलण्याचा कितीही सुरेख अर्ज केला, आणि तो वाचून आपले मन कितीही द्रवले, तरी तो स्वीकारू नये. स्वीकारावाच लागला, तर अभिप्रायासाठी सासूबाईंकडे पाठवावा.

(ई) खोट्या कारणाबद्दल जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, पण टाके सुकल्यावर.

आपला नम्र, आणि या वेळी जागचा न हलणारा,
अर्जदार
(सही)

ठिकाण: जिन्याखालचे, मूळचे सासूबाईंचे, टेबल.
दिनांक: आजचाच धरावा. उद्यापर्यंत अर्जदाराचा भरवसा नाही.

सोबत:
१) सोनोग्राफीचा अहवाल.
२) सही केलेले संमतीपत्र.
३) तिसऱ्या अर्जाची प्रत जोडता आली नाही. ती सासूबाईंनी आपल्या पेटीत ठेवली आहे व मागितली तरी देत नाहीत.
४) सासूबाई, समक्ष. हयातीचा दाखला मिळायला पंधरा दिवस लागतात, म्हणून हा अर्ज घेऊन त्या स्वतःच आल्या आहेत. पाहून झाल्यावर मूळ प्रत जपून घरी पाठवावी. दुसरी प्रत नाही.